भीतीचा आराखडा

दहावीच्या मुलांना वर्षभराचा प्रकल्प म्हणून एका छोट्या भयपटाचा आराखडा करायला द्यावा, असं माझं म्हणणं आहे. चित्रपट काढायचा नाही, आराखडा करायचा. सात मिनिटांची गोष्ट, तिची पटकथा, दृश्यागणिक चित्रं, आवाजांची यादी, खर्चाचा तक्ता आणि गोष्ट जिथे घडते त्या जागेचा मुलांनी स्वतः पायी फिरून काढलेला नकाशा. सगळ्या विषयांचा मिळून हा एकच प्रकल्प. आणि तो सुरू करायला मला पुण्या-मुंबईतली शाळा नको. मला हिंगोली जिल्ह्यातलं सिद्धेश्वर हवं. औंढा नागनाथ तालुक्यातलं, पूर्णा नदीवरच्या सहा किलोमीटरहून जास्त लांबीच्या मातीच्या धरणाशेजारचं. असा प्रकल्प सिद्धेश्वरला जितका खरा होईल तितका फार थोड्या ठिकाणी होईल. का, ते पुढे येईलच.

आधी आज काय चालतं ते पाहू. दहावीच्या मुलाच्या दप्तरात विषयागणिक प्रकल्पवही असते. ऋणनिर्देश, प्रस्तावना, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निरीक्षणे, निष्कर्ष, संदर्भ हे मथळे ठरलेले. ‘निरीक्षणे’ या मथळ्याखाली पान भरलेलं असतं, पण निरीक्षण करायला कुणी कुठे गेलेलं नसतं. चित्रांचे छापील तक्ते दुकानात मिळतात, मजकूर मोबाइलवर मिळतो, आणि आता तर विषय सांगितला की अख्खी वही लिहून देणारी यंत्रं आली आहेत. यात मुलांना लबाड ठरवायला मी तयार नाही. ‘पाणी प्रदूषण : कारणे व उपाय’ या विषयाचं उत्तर सिद्धेश्वरला आणि सावंतवाडीला एकच असणार. ज्या प्रश्नाचं उत्तर सगळीकडे एकच आहे ते उत्तर मुलानं नव्यानं का शोधावं? तयार उत्तर उचलणं हीच तिथे शहाणपणाची गोष्ट ठरते. खोट प्रश्नात आहे.

या प्रकल्पांच्या गुणांवरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. २०१८-१९ या वर्षात दहावीच्या भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले गेले. २०१८ ला ८९.४१ टक्के लागलेला राज्याचा निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत आले, आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. पुढच्या वर्षी करोनामुळे लेखी परीक्षाच रद्द झाली, शाळांनी केलेल्या मूल्यमापनावर निकाल लावावा लागला, तो ९९.९५ टक्के. या चार आकड्यांवर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. एक बाजू म्हणाली की शाळा गुणांची खैरात करतात. दुसरी म्हणाली की आमच्या खेड्यातल्या मुलांना सीबीएसईच्या मुलांपुढे उघडं पाडू नका. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला समजतं. पण त्या २० गुणांसाठी मूल नेमकं काय करतं, हा प्रश्न या वादात कुठेच आला नाही. गुण द्यायचे की नाही यावर सगळे भांडले, आणि ज्या कामाचे गुण ते काम तसंच पोकळ राहिलं.

आता सिद्धेश्वर. गेली काही वर्षं औंढा नागनाथ, वसमत आणि कळमनुरी या तालुक्यांत जमिनीखालून आवाज येतात. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेचं नाव तर या आवाजांमुळे पुन्हा पुन्हा बातम्यांत आलं. रात्री-बेरात्री गडगड होते, मांडणीवरची भांडी वाजतात, माणसं लेकरांना घेऊन अंगणात येतात. बातम्यांनी याला ‘गूढ आवाज’ म्हटलं. २१ मार्च २०२४ ला सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि अकरा मिनिटांनी दुसरा, ३.६ चा. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या आत पुन्हा ४.५ चा. नांदेड-परभणीपर्यंत माणसं घराबाहेर आली. ज्यांना किल्लारी आठवते त्यांना हा आवाज नुसता आवाज वाटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर-धाराशिवच्या गावांत सुमारे दहा हजार माणसं गेली, आणि बरीचशी दगडमातीच्या भिंतींखाली, माळवदाच्या ओझ्याखाली गेली. मराठवाड्यातल्या माणसाला आपल्या घराच्या छताचं भय माहीत आहे.

म्हणजे इथल्या दहावीच्या मुलाच्या आयुष्यात भयपट आधीच सुरू आहे. जमिनीखाली काय आहे ते दिसत नाही, आवाज मात्र येतो. भयपटाच्या दिग्दर्शकाला याहून जास्त काय लागतं? आणि शाळेत तोच मुलगा ‘भूकंप : कारणे व परिणाम’ या मथळ्याखाली जपानच्या कोसळलेल्या पुलाचं चित्र चिकटवतो. रात्री त्यानं स्वतः ऐकलेला आवाज त्याच्या वहीत कुठेच नसतो. मला हे सहन होत नाही.

आराखडा करायला बसलं की काय काय करावं लागतं, ते एक गोष्ट धरून पाहू. वडील रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायला शेतात गेले आहेत. शेतीची थ्री फेज वीज पाळीनं येते आणि पुष्कळदा ती रात्रीच येते, त्यामुळे बॅटरी हातात घेऊन काळोखात दारं मोडायला जाणं हे या भागातल्या शेतकऱ्याचं नेहमीचं काम आहे. घरात मुलगी आणि आजी. जमिनीतून आवाज येतो. भांडी वाजतात. वडिलांचा फोन लागत नाही. मुलगी बाहेर पडते. एवढंच.

पहिला प्रश्न आवाजाचा. आवाज आधी की भांडी आधी? भूकंपाच्या प्राथमिक लहरी खडकातून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर वेगानं येतात, दुय्यम लहरी साडेतीन किलोमीटरनं. जोराचं हलणं दुय्यम लहरींचं. केंद्र चाळीस किलोमीटरवर असेल तर दोन्हींत पावणेपाच सेकंदांचं अंतर पडतं. म्हणजे गुरगुर सुरू झाल्यापासून भांडी पडेपर्यंत आजीच्या चेहऱ्यावर कॅमेरा जवळजवळ पाच सेकंद ठेवता येतो, आणि ते पाच सेकंद भयपटाचं सोनं आहे. केंद्र पायाखालीच चार-पाच किलोमीटर खोल असेल तर अंतर सेकंदाच्याही आत येतं, आवाज आणि हादरा जवळजवळ एकदमच येतात, आणि दृश्य वेगळं लिहावं लागतं. मग मुलं विचारणार की आपल्याकडे नेमकं काय होतं? हे त्यांना पुस्तकात सापडणार नाही. गावात पंधरा-वीस घरं फिरून विचारावं लागेल : आज्जी, आधी ऐकू आलं का आधी हललं? पटकथेच्या एका ओळीसाठी केलेलं हे सर्वेक्षण ‘निरीक्षणे’ या मथळ्याखाली पहिल्यांदा खरं उतरेल.

मग खडक. इथला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, थरावर थर चढलेला. विहीर खणताना हे थर दिसतात. मुलानं नकाशात विहिरीचा काटछेद काढायचा, कारण गोष्टीत मुलगी विहिरीपाशी जाणार आहे. आणि धरण? मोठ्या जलाशयाच्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतात, ही गोष्ट जगापुढे ठळकपणे आली ती ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपामुळे. सिद्धेश्वर कोयनेहून पुष्कळ लहान, आणि त्याच्या वर पूर्णेवरच येलदरीचा जलाशय. इथल्या आवाजांशी या पाण्याचा संबंध जोडावा की जोडू नये, हे ठरवायला कोणकोणती माहिती लागेल, याची यादी करणं हाच विज्ञानाचा गृहपाठ. धरण दोषी ठरवून टाकणं सोपं, पाताळातल्या देवाला दोष देणंही तितकंच सोपं. पुराव्याची यादी करणं अवघड, आणि ते पंधराव्या वर्षी शिकता येतं.

गणित तर या कामात पावलोपावली आहे. सात मिनिटं म्हणजे ४२० सेकंद. एक दृश्यतुकडा सरासरी सहा सेकंदांचा धरला तर सत्तर तुकडे. साध्या मोबाइलला काळोखात काही दिसत नाही, म्हणून रात्र दाखवायची तर तिन्हीसांजेला चित्रण करायचं, आणि सूर्य मावळल्यावर वापरता येण्याजोगा उजेड आपल्याकडे वीस-पंचवीस मिनिटं राहतो. तेवढ्यात तीन तुकडे होतील. सत्तर तुकड्यांना चोवीस संध्याकाळी लागल्या. चोवीस संध्याकाळी कुणाचा बाप मुलांना सोडेल? मग पटकथा कापा. सत्तरचे तीस तुकडे करा. काय काढलं तरी भीती राहील, हे ठरवताना मुलाला त्रैराशिक आणि लेखन एकाच बैठकीत करावं लागतं. आकाशात चंद्र दाखवायचा असेल तर तो रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो हेही ध्यानात ठेवावं लागेल. दोन लागोपाठच्या तुकड्यांत चंद्र उडी मारून गेला तर वर्गातला एखादा शहाणा ते पकडणारच.

पैशाचं कारण कुणी सांगू नये. आराखड्याला कागद लागतो. आणि उद्या मुलांनी खरंच चित्रपट काढायचं म्हटलं, तर मालेगावच्या नासिर शेख यांनी यंत्रमागाच्या गावात, गावातलेच कलाकार घेऊन ‘मालेगाव के शोले’ करून दाखवला आहे. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ हा लघुपट तर अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयातल्या शिक्षणाचा भाग म्हणून, म्हणजे आपण ज्याला प्रकल्प म्हणतो तसा तयार झाला. त्याला ५८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. मी हे पुरस्कारासाठी सांगत नाही. शाळेला जायचं असून जाता न येणाऱ्या मुलाची गोष्ट सांगायला त्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमात जागा मिळाली, ही यातली मोलाची गोष्ट.

इतिहासाच्या तासाला आराखडा आला की काम आणखी खोल जातं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं : आबा, लाइट नव्हती तेव्हा रात्री भ्या कशाचं वाटायचं? उत्तरात भूत येईल, पण भूत एकटं येणार नाही. नव्वदीतली माणसं रझाकारांच्या रात्री सांगतील, १७ सप्टेंबर १९४८ च्या आधीच्या. त्यांच्याहून लहान माणसं बहात्तरच्या दुष्काळाचं सांगतील. धरणात जमीन गेलेल्या घरात वेगळंच भय निघेल, नोटिशीचं, मोजणीचं. मराठवाडा मुक्तिसंग्रामावर दरवर्षी त्याच निबंधाच्या नकला करणाऱ्या मुलाला ही माणसं अजून बोलती असताना गाठायला हवीत. त्यासाठी फार वर्षं उरलेली नाहीत.

सगळ्यात मोठा आक्षेप मी जाणूनबुजून इथवर ठेवला, कारण तो गंभीर आहे आणि त्याला घाईनं उत्तर देऊ नये. ज्या मराठवाड्यात भानामतीनं बायकांना छळलं, जिथे ती उतरवायला अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना गावोगाव फिरावं लागलं, तिथे शाळेनंच भुताच्या गोष्टी लिहायला लावायच्या? डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं आहे, एखाद्यावर करणी केल्याचा किंवा मंत्रानं जनावराचं दूध आटवल्याचा आळ घेणं आहे. या ओळी कागदावर हवेतून आल्या नाहीत. त्यामागे जिवंत माणसांची फरफट आहे.

मान्य. आणि नेमकं म्हणूनच हा प्रकल्प हवा. भीती विकणाऱ्या माणसाचं सारं बळ एका गोष्टीत असतं : भीती कशी तयार होते हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं. अंधार किती ठेवायचा, आवाज केव्हा थांबवायचा, बोलता बोलता गप्प कधी व्हायचं, हे बुवाला ठाऊक असतं आणि त्याच्यापुढे बसलेल्या आईला ठाऊक नसतं. ज्या मुलीनं वही उघडून लिहिलं आहे की ‘इथे चार सेकंद शांतता, मग दार’, तिला पुढे कुणीही बुवा चार सेकंद गप्प बसून घाबरवू शकणार नाही. तिला ते चार सेकंद ओळखू येतील. विवेकवादी कार्यकर्ते जिभेतून त्रिशूळ आरपार करून दाखवतात, नारळातून करणी काढून दाखवतात आणि मग युक्ती उलगडतात. भयपटाचा आराखडा तेच करतो, फक्त युक्ती उलगडून पाहणाऱ्याच्या जागी युक्ती बांधणारा मुलगा असतो. बांधलेली गोष्ट पाहिलेल्या गोष्टीपेक्षा जास्त टिकते.

यासाठी मुलांना एक जुना प्रसंग समजावून द्यावा. १९४२ च्या ‘कॅट पीपल’ या अमेरिकन चित्रपटात एक बाई रात्री एकटी चालली आहे. मागे पावलांचा आवाज, मग तोही बंद. जनावर झडप घालणार असं वाटतं आणि अचानक फिस्सकन आवाज येतो, तो बसच्या ब्रेकचा. त्या प्रसंगात पडद्यावर जनावर दिसलंच नाही, तरी प्रेक्षक किंचाळले. आपल्याकडच्या मुक्कामी एसटीच्या ब्रेकचा आवाज ज्यानं रात्री ऐकला आहे त्या मुलाला हे समजायला दोन मिनिटंही लागणार नाहीत.

दुसरी गोष्ट, भुतांची मोजणी. हडळ कोण? बहुधा बाळंतपणात किंवा गरोदरपणी मेलेली बाई. मुंजा कोण? मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा. गावात सांगितल्या जाणाऱ्या भुतांची यादी करून पुढे ‘हा माणूस कशानं मेला’ असा रकाना काढला, तर ती यादी त्या गावाच्या अकाली मृत्यूंची यादी निघते. बाळंतिणीचं मरण थांबवणारा दवाखाना आणि रस्ता जिथे नव्हता तिथे हडळ होती. समाजशास्त्राचा याहून चांगला धडा मला सुचत नाही. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ या चित्रपटानं हेच करून दाखवलं : उसाच्या फडातलं एकाकी घर, गरोदर बाई, आणि शेवटी भय निघतं ते मुलगी नको म्हणणाऱ्या माणसांचं. पूर्णेच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या वसमत-औंढ्याच्या मुलांना तो फड परका नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरींच्या कथा वाचनालयात असतीलच, त्या वर्गात वाचाव्यात.

एक नियम मात्र कडक हवा. गोष्टीत गावातलं खरं घर, खरी विहीर, खऱ्या कुटुंबाकडे बोट दाखवणारी कुठलीही खूण येता कामा नये. एकट्या राहणाऱ्या म्हातारीला चेटकीण करायचं नाही, कारण तशी म्हातारी कुठल्या ना कुठल्या गल्लीत असतेच आणि सोमवारी शाळा सुटल्यावर पोरं तिच्या दारावर दगड टाकतील. मुलांना हा नियम नुसता सांगू नये, कायद्याची अनुसूची वाचून दाखवून त्यांच्याकडूनच काढून घ्यावा. नागरिकशास्त्राचा तास तिथे सार्थकी लागेल.

शिक्षकांचं ओझं मला दिसतं. निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, रिक्त जागा. त्यात नवं काही सांगायला येणाऱ्या लेखकाचा राग येणं साहजिक आहे. पण सात विषयांच्या सात पोकळ वह्या तपासण्यापेक्षा पाच-पाच मुलांच्या गटाचा एक आराखडा तपासणं कमी कष्टाचं आहे. दहावीच्या मराठीत कथालेखन आहे, बातमी आहे. विज्ञानात ध्वनी आणि लहरी येऊन गेलेल्या असतात, भूगोलात क्षेत्रभेट आहे. जलसुरक्षा हा श्रेणीचा विषय आहे, आणि धरणाशेजारच्या शाळेत तो विषय पुस्तकातून शिकवणं म्हणजे खिडकीला पाठ करून बसणं आहे. नव्या शासन निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही. या सगळ्याला आज असलेले अंतर्गत गुण पुरतात.

यंत्रानं लिहून दिलेल्या पटकथेचं काय, असं विचारलं जाईल. लिहून घेऊ दे. गुण तोंडी द्यायचे. शिक्षकानं आराखड्यातल्या कुठल्याही एका तुकड्यावर बोट ठेवावं आणि विचारावं : इथे कॅमेरा जमिनीजवळ का? हा आवाज आठव्या सेकंदाला का, सहाव्याला का नाही? विहीर घराच्या उत्तरेला आहे तर मुलीची सावली इकडे कशी पडली? हे तू कुणाला विचारलंस, आणि त्या घरात दुसरं कुणी वेगळं सांगितलं का? यंत्राला पांगरा शिंदेच्या आजीचं उत्तर माहीत नाही. ज्या गटानं पाच घरं फिरून तीन परस्परविरोधी उत्तरं आणली आणि त्यांतलं एक का निवडलं हे सांगितलं, त्याला वीसपैकी अठरा द्यावेत, पटकथा कच्ची असली तरी. ज्यानं गुळगुळीत पटकथा आणली आणि विहिरीची खोली सांगता आली नाही त्याला आठ.

काम जूनमध्येच सुरू व्हावं, म्हणजे ऑगस्टपर्यंत घरं फिरून होतात, नवरात्रात पटकथा लिहून होते आणि दिवाळीच्या सुट्टीत, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं गाव सोडायच्या आत, नकाशा आणि चित्रं पूर्ण होतात. त्या मुलांच्या गटाचं काम आधी संपवायचं, त्यांची तोंडी आधी घ्यायची. पहिल्या आठवड्यात वर्गाला एकच कोरा कागद द्यावा, वर प्रश्न लिहिलेला : गेल्या वेळी जमिनीतून आवाज आला तेव्हा तू कुठे होतास, घरातलं कोण काय म्हणालं, आणि त्यातलं खरं काय हे तू कसं शोधशील?